मेळ बसवणारा कवडू

नागपूरच्या कडेला जयताळ्यात कुणाच्या घरी विमानाचं तिकीट आलं, की ते आधी कवडू रामटेकेला दाखवायचा रिवाज होता. आता तुम्ही म्हणाल, जयताळ्यासारख्या वस्तीत विमानाची तिकिटं येऊन येऊन येणार किती? खरं आहे. वर्षा-दोन वर्षांत एखादं आलं तर आलं. कुणाचा पोरगा फौजेत, कुणाचा जावई भिलाईच्या कारखान्यात साहेब. पण आलं, की तिकीटवाला पुढे आणि निम्मी आळी मागे, अशी वरात कवडूच्या अंगणात येई. कवडू बाजेवर बसलेला असे. तिकीट घेण्याआधी तो हात पायजम्याला पुसे. इंग्रजी अक्षरं त्याला कळत नव्हती, आकडे मात्र कळत, आणि त्याचं काम आकड्यांशीच होतं. पहिलं विमान उतरतं किती वाजता, दुसरं उडतं किती वाजता, एवढं तो बोटाने हुडकून काढी, मग जरा वेळ आभाळाकडे पाही आणि निकाल देई. "मेळ बसते." नाहीतर, "मेळ नाही बसत गा."

त्यावर कुणी उलट विचारत नसे. बायजाबाई, म्हणजे कवडूची बायको, आतून तेवढी म्हणे, "इतक्या लोकांच्या चहाचं पाणी ठेवून राहिली मी. मेळ बसो का न बसो, दूध कोणी आणून देते का?" पण नवऱ्याचा हा थाट तिलाही आवडे. एरवी चिमूटभर पडणारी साखर त्या दिवशीच्या चहात सढळ हाताने पडत असे.

मेळ हा शब्द कवडूने नोकरीतून उचलला होता, आणि खरं सांगायचं तर चुकून उचलला होता. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास तो सोनेगावच्या विमानतळावर लोडर म्हणून लागला, तेव्हा तिथे रात्रीची टपालाची विमानं येत. एक दिल्लीचं, एक मुंबईचं, एक कलकत्त्याचं, एक मद्रासचं. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरत, आपल्या थैल्या एकमेकांना देत, एकमेकांच्या घेत, आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत फिरत. थैल्यांबरोबर माणसंही असत. दिल्लीच्या माणसाला मद्रासला जायचं तर तो इथे उतरून विमान बदली. साहेबलोक या सगळ्याला नाइट मेल म्हणत, आणि कवडूने ते मेळ असं ऐकलं. चार दिशांची चार विमानं एका जागी येऊन भेटतात, त्याला मेळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? हे नाव ठेवणारा माणूस मोठा हुशार असला पाहिजे, असं त्याला कितीतरी वर्षं वाटत होतं. काउंटरवरच्या वामनराव देशकरांनी एकदा त्याला बसवून समजावलं, की बाबा रे, मेल म्हणजे टपाल. कवडूने ऐकून घेतलं. "असन, साहेब," तो म्हणाला, "पण टपाल तं सायकलवर बी येते. त्याच्यासाठी चार विमानं कायले भेटतीन?" वामनरावांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या रात्रींबद्दल बोलायला लागला की कवडूला आवरणं कठीण. कलकत्त्याच्या विमानाचं दार उघडलं की मिठाईच्या डब्यांचा वास, मद्रासच्या विमानाचं उघडलं की कॉफीचा आणि बायकांच्या वेण्यांतल्या मोगऱ्याचा. दिल्लीच्या विमानातून हिवाळ्यात लोक घोंगड्या पांघरूनच उतरत आणि नागपूरच्या थंडीला हसत. मैदानभर माणसं पेंगुळलेली, हातात आपापली बॅग, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, माझं विमान कुठलं? त्या प्रश्नाचं उत्तर कवडू देई. खाकी सदऱ्यातला हा काळासावळा, काटक माणूस मोठमोठ्या हुद्द्याच्या लोकांना बोट धरल्यासारखं एका शिडीवरून दुसऱ्या शिडीकडे नेई. दिवसा जयताळ्यात त्याला विचारणारं कोण होतं? पण रात्री सोनेगावात त्याच्याशिवाय कुणाचं पाऊल पडत नसे, निदान त्याला तसं वाटे, आणि त्याच्या वाटण्यात फारसं खोटं नव्हतं.

आणि त्या मेळाचा एक नियम होता. चारही आल्याशिवाय एकही जात नसे. कलकत्त्याचं वादळात अडकलं, तर दिल्ली, मुंबई, मद्रास तिन्ही मैदानावर उभी. वैमानिक चहा पीत, प्रवासी बाकांवर आडवे होत, टपालाच्या थैल्यांना उशी करून लोडर झोपत. एखादा घाईचा प्रवासी चिडून विचारी, अजून किती वेळ? कवडू म्हणे, "ते आल्याबिगर हे कसं जाईन, साहेब?" त्याला हे इतकं उघड वाटे, की विचारणाऱ्याचीच कीव येई. विमान म्हणजे थांबणारी वस्तू, ही गोष्ट त्याच्या मनात वीस-बावीस वर्षं अशी रोज रात्री मुरत गेली.

एकदा तर विमान एका माणसासाठी थांबलं. पुण्याचे एक गृहस्थ मुंबईच्या विमानातून उतरले, मद्रासला जायचे होते. जरा हातपाय धुऊन येतो म्हणून गेले आणि रमतगमत परत आले. कवडू धावत त्यांच्याकडे गेला. "साहेब, मद्रासचं विमान जाऊन राहिलं." त्या गृहस्थांनी बॅग खाली ठेवली, बाकावर बसले आणि रुमालाने कपाळ पुसलं. कवडू एक थैली टाकून परत येतो, तर हे अजून बसलेलेच.

"साहेब, बसले काहून? विमान जाऊन राहिलं नं."

"ऐकलं हो," गृहस्थ म्हणाले. "जाऊन राहिलं तर राहिलं. आता गेलेल्या विमानामागे मी पळू का?"

आता नागपूरकडे जाऊन राहिलं म्हणजे जात आहे, चला लवकर. हे पुण्याच्या माणसाला कसं कळावं? कवडूने त्यांची बॅग डोक्यावर घेतली आणि त्यांना दंडाला धरून पळवत नेलं. मद्रासचा पायलट खिडकीतून मान बाहेर काढून हे पाहत होता. पंखे फिरवायचे थांबवून त्याने शिडी परत लावायला लावली. त्या दिवसापासून पुण्याचा माणूस दिसला की कवडू जपून बोलू लागला, आणि विमान थांबतं यावरचा त्याचा विश्वास आणखी पक्का झाला.

मग एकोणीसशे सत्तर उलटल्यावर ते सगळं बंद पडलं. तेल महाग झालं म्हणाले, मोठी जेट विमानं आली म्हणाले. कवडूने वामनरावांना विचारलं, "मंग आता मद्रासवाला दिल्लीले कसा जाईन?"

"सरळ जाईल."

"म्हणजे नागपूरच्या डोक्यावरून?"

"हो, तसंच."

कवडूला हा नागपूरचा अपमान वाटला. त्याला दिवसाची पाळी मिळाली. दिवसा विमान येई, माणसं उतरत, माणसं चढत, विमान जाई. कुणाची कुणाशी गाठ नाही. कधी दोन विमानं एका वेळी मैदानावर असली, तरी एकमेकांकडे पाठ करून उभी असत. कवडू काम करी, पगार घेई, सायकलवरून घरी येई, आणि झोपेची सवय मोडलेली म्हणून निम्मी रात्र अंगणात बाजेवर जागा राही. वरून लुकलुकत एखादं विमान गेलं की बायजाबाईला हाक मारून म्हणे, "पाह्य वं, न भेटताच चाललं." ती बिचारी झोपेतच हुं म्हणे.

तिकिटं पाहण्याचा त्याचा धंदा सुरू झाला तो याच काळात. त्याचा हिशेब अगदी सोपा होता. पहिलं उतरायच्या आधी दुसरं उडत नसलं, म्हणजे मेळ बसला. मधे वेळ थोडा असला तरी काय बिघडतं? दुसरं थांबेलच. आतापर्यंत कुणाची तक्रार आली नव्हती, हा लोकांच्या नशिबाचा भाग. वस्ती मात्र ते कवडूचं ज्ञान समजे.

कवडूला मुलगी एकच, प्रेमिला. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नर्सिंग शिकली, तिथेच पक्की नोकरी लागली. उंच, सावळी, कमी बोलणारी. पांढऱ्या साडीत सायकलवरून जाताना दिसली, की आळीतल्या बाया आपल्या पोरींना म्हणत, पाह्य, अशी हो. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तिला मस्कतच्या दवाखान्यात काम मिळालं. मुंबईला मुलाखत झाली होती आणि एवढ्या मोठ्या मुंबईतल्या बायांना मागे टाकून जयताळ्याच्या पोरीची निवड झाली होती. मेडिकलच्या नोकरीचा तिने राजीनामा दिला. सगळ्या नर्सेस एकाच विमानाने जायच्या होत्या, एका मोठ्या सिस्टरच्या देखरेखीखाली, आणि सगळ्यांचे कागद तिच्याचजवळ. ते विमान चुकलं, तर जागा चुकली. मुंबईच्या एजंटाने तसं बजावून सांगितलं होतं.

तिकीट आलं. नागपूरहून दुपारचं विमान, संध्याकाळी मुंबईहून मस्कतचं. मधे दीड तास. एजंटाने असंही कळवलं होतं, की हवं तर आदल्या दिवशी रेल्वेने या, राहायची सोय करू.

त्या संध्याकाळी अंगणात सगळी आळी जमली. प्रेमिलाने तिकीट बापाच्या हातात दिलं. "बाबा, दीड तास आहे. मेळ बसते का?"

कवडूने आभाळाकडे पाहिलं. हिशेबाने मेळ बसतच होता. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात हिशेब नव्हताच. तीस वर्षं त्याने लोकांच्या पेट्या विमानात चढवल्या होत्या, लोकांच्या लेकीबाळींना शिडीचा दांडा धरून वर पाठवलं होतं. त्याची स्वतःची पोरगी विमानात बसणार, आणि ती रेल्वेने मुंबईला जाऊन, कुठल्या तरी परक्या विमानतळावर, परक्या हमालाच्या हाताने? त्याची शिडी इथे असताना? पोरीची पेटी आपण उचलायची, तिने आपल्या शिडीवरून चढायचं, आणि दार बंद झाल्यावर शिडी आपण ओढायची. आयुष्यात एवढं एकदा पाहायचं होतं.

"बसते," तो म्हणाला. "वेळ झाला तरी मस्कतवालं थांबन. नागपूरच्या विमानातली सवारी सोडून कसं जाईन?"

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी त्याला बाजूला घेतलं. तेही आता निवृत्तीला आले होते. "कवडू, पोरीला रेल्वेने पाठव गा. मुंबईला आता बाहेरदेशीची विमानं वेगळ्या इमारतीतून सुटतात. आपलं उतरतं सांताक्रूझला, ते सुटतं सहारहून. मधे टॅक्सी करून जावं लागतं. अन् आता कोणी कोणासाठी थांबत नाही."

"विमानतळ तं एकच आहे नं, साहेब?"

"मैदान एकच. पण..."

"मंग दिसन नं त्याले, आपलं आलं म्हणून," कवडू म्हणाला. वामनराव काउंटरकडे वळले. मेल म्हणजे टपाल हे त्यांनी एकदा सांगून पाहिलंच होतं.

जायच्या दिवशी आळी टेम्पो करून विमानतळावर आली आणि कुंपणाला लागून उभी राहिली. प्रेमिलाने निळी साडी नेसली होती. बायजाबाई तिचा पदर पुन्हा पुन्हा नीट करत होती आणि रडायचं नाही असं स्वतःलाच सांगत रडत होती. कवडूने सदरा इस्त्री करून घातला होता. पेटीला त्याने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः उचलली, सगळ्या सामानाच्या शेवटी ठेवली, म्हणजे मुंबईला सगळ्यात आधी निघेल. प्रेमिला शिडीशी आली, त्याच्या पाया पडली आणि वर गेली. दारात वळून तिने कुंपणाकडे हात केला. ती आत जाईपर्यंत कवडूने खालून शिडीचा दांडा धरून ठेवला.

त्याच वेळी रायपूरकडचं छोटं विमान उतरलं. उशिरा आलं होतं. त्यातली एक सवारी मुंबईची होती, हे काउंटरवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिची वाट पाहायची नाही असं ठरलं होतं. उद्या जाईल. वरून हवाई सुंदरीने हात हलवला, शिडी काढा. शिडीच्या एका बाजूला देवाजी, कवडूचा जुना जोडीदार, दुसऱ्या बाजूला कवडू.

आणि मैदानावरून एक बाई पळत येताना दिसली. चाळिशीची असेल. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या धरलेल्या. पायातली चप्पल निसटली, ती घ्यायला वळली आणि पुन्हा पळू लागली. लांबून दाराकडे पाहत हात हलवत होती. इमारतीच्या दारातून वामनरावांनी दोन्ही हातांनी खूण केली, जाऊ द्या.

"ओढ गा, कवडू," देवाजी म्हणाला.

कवडूला कळत होतं. प्रत्येक मिनिट प्रेमिलाचं होतं. तोंडाने तो मोठ्या गप्पा मारत असे, पण वामनरावांचं बोलणं त्याच्या मनात कुठेतरी रुतून बसलं होतंच. दीड तास, टॅक्सी, दुसरी इमारत. ओढ, असं त्याने स्वतःला सांगितलं. देवाजीने त्याच्या बाजूने जोर लावला. शिडी हलली नाही, कारण कवडूने चाकापुढे पाय दिला होता. तो पाय तिथे कधी गेला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. रायपूरचं आलं आहे, त्यातलं माणूस येऊन राहिलं आहे, आणि आपण शिडी काढायची? असं त्याने जन्मात कधी केलं नव्हतं.

"चाक अडकलं," तो मोठ्याने म्हणाला.

देवाजीने खाली पाहिलं, पाय पाहिला आणि शिडीवरचा हात काढला. बाई आली, धापा टाकत शिडी चढली. दोन मिनिटांचं काम, असं कवडूला वाटलं होतं. पण बाई चढली तर तिची पेटी मागे कशी ठेवायची, म्हणून सामानाचं दार पुन्हा उघडावं लागलं. पेटी येईपर्यंत फौजेचं एक विमान उतरायला आलं, त्याच्यासाठी धावपट्टी मोकळी ठेवायला सांगितलं. ते उतरलं, बाजूला झालं, मग मुंबईचं निघालं. दोन मिनिटांचा पाऊण तास होऊन बसला होता. कुंपणावरचे लोक हात हलवून हलवून थकले होते. विमान वर गेलं तेव्हा कवडूने पाहिलं नाही. तो शिडी ढकलत शेडकडे चालला होता.

दिवेलागणीनंतर विमानतळाच्या ऑफिसात ट्रंक कॉल आला. कवडू घरी गेलाच नव्हता. बायजाबाईही बाहेर पायरीवर बसून होती. वामनरावांनी फोन त्याच्या हातात दिला.

"बाबा," पलीकडून प्रेमिला म्हणाली, "विमान नाही थांबलं."

"थांबते, पोरी," कवडू म्हणाला. "विचार अजून एक डाव. सांग, मी नागपूरच्या विमानातली होय म्हणून."

"सांगितलं. टॅक्सी करून आली, पळत आली. ते काचेतून दिसून राहिलं होतं, उभं होतं तिथं. पण मले जाऊ नाही दिलं. दार बंद झालं म्हणे. गेलं ते, बाबा."

कवडूने फोन वामनरावांकडे दिला. पुढचं बोलणं त्यांनीच केलं, कुठे राहणार, एजंट काय म्हणतो, घाबरू नको. घरी जाताना बायजाबाई सायकलच्या बाजूने चालत होती आणि कवडू सायकल हातात धरून. आळीच्या तोंडाशी आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही म्हटलं होतं, थांबते म्हणून."

चाकाची गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. देवाजीनेही कुणाला सांगितली नाही.

प्रेमिला मुंबईला एका मैत्रिणीकडे राहिली. एजंट आज ये, उद्या ये करत राहिला. तिची जागा विमान सुटायच्या आधीच दुसऱ्या एका मुलीला दिली होती, ती मुलगी विमानतळावर तयारच बसली होती म्हणे. पुढच्या तुकडीत पाहू, असं म्हणाले. ती पुढची तुकडी काही निघाली नाही. मेडिकलमधली जागाही भरली होती. पुढे कितीतरी महिन्यांनी तिला कामठीच्या एका दवाखान्यात काम मिळालं आणि ती रोज बसने जाऊ-येऊ लागली. पण ते नंतरचं. पंधरवड्याने ती मुंबईहून निघाली, तेव्हा हातात काहीच नव्हतं.

कवडू तिला घ्यायला स्टेशनवर गेला. तोंड कसं दाखवायचं, याचा विचार करत तो गाडी यायच्या तासभर आधीपासून फलाटावर फेऱ्या मारत होता. गाडी लागली, डब्याच्या दारात प्रेमिला दिसली, तीच निळी साडी, धुऊन धुऊन विटलेली. आणि कवडूला आनंद झाला. पोरगी परत आली, घरी येणार, आपल्या अंगणात दिसणार, असा सरळ, साधा आनंद. पुढच्याच क्षणाला त्याला त्याची इतकी लाज वाटली, की तिची पेटी घेताना त्याने मान वर केली नाही.

बाहेर आल्यावर प्रेमिला म्हणाली, "चहा पिऊ, बाबा." दोघं टपरीजवळच्या बाकावर बसले. तिने मैत्रिणीकडचं सांगितलं, आईचं विचारलं, घराचं विचारलं. मग म्हणाली, "त्या दिवशी उशिरा चढली ती बाई माह्या बाजूलेच बसली होती."

कवडूचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "कोठी जाऊन राहिली होती ते?"

"पुतणीच्या साखरपुड्याले. दादरले."

"पोचली?"

"पोचली असन. तिले न्याले लोकं आले होते."

"चांगलं झालं," कवडूच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि जीभ चावावी असं त्याला वाटलं.

प्रेमिला चहाकडे पाहत होती. "चाक अडकलं नव्हतं, बाबा. मी खिडकीतून पाहून राहिली होती. देवाजीकाका ओढून राहिले होते अन् तुम्ही पाय देऊन उभे होते."

रस्त्यावर रिक्षावाले सवाऱ्यांसाठी भांडत होते. कवडू त्यांच्याकडे तोंड करून बसला. "मले वाटलं, दोन मिनिटं लागतीन," तो म्हणाला.

"माहीत आहे मले."

"तुले राग आला असन."

"आला नं. लय आला. ती बाई सारखी बोलून राहिली होती, तो शिडीवाला किती चांगला माणूस होता, त्याचं नाव बी नाही विचारलं म्या म्हणे. मंग तिनं मले विचारलं, तुम्ही नागपूरच्या, तुम्ही ओळखता का त्याले?"

"मंग?"

"मी म्हटलं, नाही ओळखत."

कवडूने कप बाकावर ठेवला.

"सहारले मी बाकावर बसून रडली, बाबा," प्रेमिला म्हणाली. "लोकांले वाटलं, विमान चुकलं म्हणून रडून राहिली. ते मस्कतचं रडू नव्हतं. तुमाले ओळखत नाही म्हटलं, त्याचं होतं."

कवडूने आपल्या कपातला उरलेला चहा तिच्या कपात ओतला. तो थंड झाला होता. प्रेमिलाने तो सगळा पिऊन टाकला, आणि दोघं घरी जायला उठले.